बर्फावरच्या गाडीचं लाल बोनेट

"मेश्रामभाऊचा हात हलते आता. म्हणून तडकला रंग."

काकू हे वाक्य कैरीचा गर गाळता गाळता बोलली. ऐकणारे काका होते. मी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उष्ट्या ग्लासांचा ट्रे घेऊन उभी होते आणि आत जायचं की नाही हे ठरवत होते. (बहुतेक दारांबाहेर मी हेच ठरवत असते.)

"काय बोलून राहिली वं?" काका म्हणाले. "तीस वर्षं झाली त्याच्या हाताले. आपल्या मंडपाचा एक एक बोर्ड त्यानं लिहिला."

"तेच तं म्हणून राहिली मी. तीस वर्षं झाली. आता किती दिवस चालन तो हात?"

काका गप्प झाले. आमच्या घरात काका गप्प होणं म्हणजे ठराव मंजूर होणं.

मेश्रामकाकांच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. रंग मी तडकवला होता. जगात ही गोष्ट एकाच माणसाला माहीत होती आणि तो माणूस दाराबाहेर ट्रे धरून उभा होता.

रंग कशाचा, ते आधी सांगायला हवं. बर्फावर चालणाऱ्या गाडीचा. नागपुरात. मे महिन्यात. पारा शेहेचाळिसावर असताना.

माझ्या काकांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. आम्ही खालच्या मजल्यावर राहतो, ते वरच्या. पल्लवीताई ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिला लहानपणापासून काश्मीरला जायचं होतं. लग्न ठरलं तेव्हा ते एकदाचं नक्की झालं आणि मग होणाऱ्या जावईबापूंची रजा रद्द झाली. ताई दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी ताट बाजूला सारलं आणि घोषणा केली, "तू नको जाऊ काश्मीरले. मी काश्मीर इथं आणतो!"

दुसऱ्या माणसानं हे म्हटलं असतं तर आपण हसून सोडून दिलं असतं. पण काकांच्या गोदामात कापूस होता, थर्माकोल होतं, आणि डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायची वाट नव्हती. रिसेप्शनला थर्माकोलचे डोंगर, कापसाचा बर्फ आणि त्या बर्फातून नवरानवरीचं आगमन! कशावर बसून? तर कामठी रोडवरच्या एका भंगारवाल्याकडे काकांना ती गाडी सापडली. शहराबाहेर कोणीतरी बर्फाचा हॉल काढला होता, तो बंद पडला, आणि दारात फोटो काढायला ठेवलेली गाडी भंगारात आली. समोर घसरायच्या दोन पट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा, आणि चाक एकही नाही.

टेम्पोतून ती उतरवली तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली.

"हे काय होय जी? होडी होय काय?"

"होडी नाही गा. बर्फावरची फटफटी होय."

"मंग बर्फ कुठी आहे?"

"येऊन राहिला," काका म्हणाले.

काकांनी तिला खालून हातगाडीची चार चाकं बसवली. राहिलं होतं बोनेट. गाडीचा सगळा चेहरा म्हणजे ते बोनेट. ते उन्हानं फिकट पडलं होतं आणि त्यावर पोरांनी खिळ्यानं आपापली नावं कोरली होती. काकांना ते लालभडक हवं होतं. आणि काकांना रंगाचं काही हवं असलं की एकाच माणसाला हाक जायची.

मेश्रामकाका आमच्या मागच्या गल्लीत राहतात. साठीच्या पुढचे, सडसडीत, कमी बोलणारे. त्यांच्या शर्टावर इतके रंग आहेत की मूळ रंग कोणता हे त्यांनाही सांगता येणार नाही. पेन्सिलनं रेघ न आखता ते थेट ब्रशनं अक्षरं काढतात, आणि अक्षरं अशी उभी राहतात की जणू शाळेत प्रार्थनेला पोरं उभी आहेत. लहानपणी मी त्यांच्याजवळ तासन्‌तास बसायचे. तेही बोलायचे नाहीत, मीही बोलायचे नाही. आमचं छान जमायचं.

त्यांनी बोनेट घासलं, खिळ्याच्या नावांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, प्रायमर मारला आणि फवारायच्या मशिननं लाल रंगाचे दोन पातळ हात दिले. आमच्या खालच्या हॉलमध्ये टेबलावर ते बोनेट ठेवलं होतं. सगळं घर भोवती उभं होतं आणि मेश्रामकाका एकेका शब्दावर जोर देऊन सांगत होते.

"दोन दिवस हात लावू नका. हवा मारू नका. त्याच्याकडं पाहूही नका. रंगाले आपल्या मनानं वाळू द्या लागते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांत जोरात मी.

"पण राखण कोण करन?" काकूनं विचारलं. "पाहुण्यांची पोरं येऊन राहिली."

"नेहा बसन न," काका म्हणाले. "ती हलत नाही, बोलत नाही. तिच्याइतकी चांगली राखण कोण करन?"

हे कौतुक होतं. मी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

मे महिन्यात दुपारी एक ते चार नागपूर झोपतं. कुत्रीसुद्धा नाल्यांत उतरून झोपतात. मी घरी बसूनच एका कंपनीचं काम करते, म्हणून लॅपटॉप घेऊन बोनेटसमोर बसले होते. समोर ते लाल, ओलं, चमकणारं बोनेट. त्यात माझा चेहरा दिसत होता. खरं सांगते, मी तासभर कळ काढली. मग मी बोट लावलं.

फक्त एक बोट. फक्त टेकवलं.

बोट निघालं, पण ठसा राहिला. बरोबर मधोमध! आधार कार्डासाठी मशिनवर बोट चारचारदा दाबावं लागतं, तरी ठसा उमटत नाही. इथे पहिल्याच फटक्यात प्रत्येक रेघ स्पष्ट.

साध्या माणसानं उठून कोणाला तरी जागं केलं असतं. मी व्हिडिओ शोधला. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं आहे, त्यामुळे इंग्रजीत कोणी काही सांगितलं की ते बरोबरच असणार असा माझा एक भाबडा समज आहे. व्हिडिओत दाढीवाला एक गोरा माणूस होता. अंगात स्वेटर, खिडकीबाहेर बर्फ, आणि समोर टेबलावर अगदी आमच्यासारखंच बोनेट! मला तर वाटलं, हा देवानंच पाठवला. तो म्हणाला, छोटा डाग असेल तर वरून आणखी एक हात देऊन झाकता येतो. मग म्हणाला, खोलीत हवा हलकीशी खेळती ठेवा.

(काय करू नये हे तो अकराव्या मिनिटाला सांगणार होता. मी आठव्या मिनिटाला उठले.)

डब्यात रंग उरला होता. दिवाळीच्या पणत्या रंगवायचा ब्रश कपाटात होता. मी ठशावर ब्रश फिरवला. ठसा गेला, पण ब्रशाचे ओरखडे आले. ओरखडे झाकायला आणखी रंग लावला, तर तेवढाच भाग वेगळा दिसू लागला. मग तो जुळावा म्हणून आजूबाजूला लावला. मग आजूबाजूच्या आजूबाजूला. शेवटी सगळ्या बोनेटवर म्हशीच्या दुधावरच्या सायीसारखा जाड थर झाला आणि डबा रिकामा झाला.

आता हवा. खेळती, हलकीशी.

इथे मला आमच्या घराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे कोणतीही अडचण आली की आधी कूलर तिच्याकडे वळवतात. पाहुणा आला, कूलर वळवा. कोणाला चक्कर आली, कूलर वळवा. माझ्या दहावीच्या अभ्यासाच्या वेळी अख्खं घर घामानं निथळत होतं आणि कूलर एकट्या माझ्या भूगोलावर चालू होता. आई आणि काकूचं एकदा वाजलं होतं तेव्हासुद्धा बाबांनी काही न बोलता कूलर दोघींच्या मधोमध आणून ठेवला होता. आणि भांडण मिटलं होतं! तेव्हा अशा घरात वाढलेल्या मुलीला "हवा" हा शब्द ऐकून दुसरं काय सुचणार?

मी कूलर बोनेटकडे वळवला आणि फुल केला.

तो पत्र्याचा मोठा कूलर आहे. सकाळीच काठोकाठ भरला होता. तो हवा देतो, आणि मन मोठं असल्यामुळे हवेबरोबर थोडं पाणीही देतो. स्वेटरवाल्याच्या देशात असा प्रकार नसावा. पाच मिनिटं सगळं ठीक होतं. मग रंगावर बारीक सुरकुती आली. मग एक रेघ. मग त्या रेघेला दोन फांद्या फुटल्या. अर्ध्या तासात बोनेटची अवस्था उन्हाळ्यातल्या कन्हान नदीच्या काठासारखी झाली. सुकलेल्या चिखलाला जशा भेगा पडतात तशा, फक्त लाल!

मी कूलर जागेवर नेला. ब्रश धुतला. फरशी पुसली. रिकामा डबा जिन्याखाली ठेवला. खुर्चीत येऊन बसले. हलले नाही, बोलले नाही. राखण चालूच होती.

चार वाजता काका खाली आले. त्यांची किंकाळी ऐकून शेजारच्यांनी पाण्याची मोटर बंद केली.

मेश्रामकाका चपला न घालताच धावत आले. मग सावकाश बोनेटजवळ गेले. एका भेगेत नख घातलं आणि रंगाचा पोपडा उचलून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"एवढा जाड हात मी मारला?" ते म्हणाले. "मी तं दोनच मारले. पातळ." मग थोडं थांबून, "दोनच मारले न जी?"

त्यांनी स्वतःचा उजवा हात समोर धरला आणि तो दुसऱ्या कोणाचा असावा तसा त्याच्याकडे पाहिलं.

ही माझी वेळ होती. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं!

"नेहा," काकू म्हणाली, "पाणी आण वं मेश्रामभाऊले."

आणि मी पाणी आणायला गेले. तेच उष्टे ग्लास परत नेताना मी दाराबाहेर ते हात हलण्याचं वाक्य ऐकलं.

तुम्ही म्हणाल, आत जाऊन सांगून टाकायचं. घरचीच तर माणसं! पण तुम्हाला आमच्या घराची पद्धत माहीत नाही. आमच्याकडे चुकलेल्या माणसावर रागावत नाहीत. त्याचा किस्सा करतात. मी दुसरीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात कविता विसरले आणि माइकसमोर सबंध दोन मिनिटं नुसता श्वास घेत उभी राहिले. हा किस्सा काका आजही प्रत्येक बारशाला, प्रत्येक साखरपुड्याला, श्वासाच्या आवाजासकट करून दाखवतात. त्या दोन मिनिटांवर मी सोळा वर्षं काढली आहेत. आता त्यात कूलरची भर? लग्नघरात, चारशे पाहुण्यांसमोर? मी ठरवलं की गप्प बसायचं. रिसेप्शन रविवारी होतं आणि त्या दिवशी मंगळवार होता. दुसरा रंग लावतील, वाळेल, विषय संपेल.

विषय संपला नाही. बुधवारी सकाळी सहा वाजता मेश्रामकाका आले आणि म्हणाले, "मी बिघडवलं, मीच नीट करतो. पण भाऊ, हे माझं शेवटचं काम. आता हातावर भरवसा नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नेहा बेटा, मदत करशीन काय? एक पक्का हात पाहिजे जवळ."

पक्का हात! माझा!

आम्ही बोनेट गच्चीवर नेलं. ऊन तापायच्या आत, सहा ते नऊ, असं काम चालायचं. तडकलेला रंग वरून झाकता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. तो पार खाली, घट्ट थरापर्यंत काढावा लागतो. आधी पोपडे खरवडायचे. मग पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं घासायचं, एकाच दिशेनं, तळहाताचं वजन न टाकता. मग पुसायचं, वाळवायचं आणि डोळे मिटून बोटं फिरवायची.

"डोळे फसवते," ते म्हणायचे. "बोट फसवत नाही. बोट ठेव, जिथं अडकन तिथं पुन्हा घास."

(बोट ठेवण्याचा माझा पूर्वानुभव मी सांगितला नाही.)

आयुष्यात कोणी मला इतक्या शांतपणे काही शिकवलं नव्हतं. शाळेत बाई विचारायच्या, मी गोंधळायचे, वर्ग हसायचा. इथे कोणी विचारतच नव्हतं. ते घासायचे, मी पाहायचे. मग मी घासायचे, ते पाहायचे. चुकलं की ते नुसता माझ्या मनगटाचा कोन बदलायचे. दुसऱ्या दिवशी माझ्या हाताखाली बोनेट असं गुळगुळीत लागलं की मी हसले. तेही हसले. आणि मग त्यांनी जे केलं ते पाहून मी हसायची थांबले. खाली ठेवलेला पाण्याचा ग्लास त्यांनी उजव्या हातात उचलला, नाकासमोर धरला आणि पाणी हलतंय का ते पाहू लागले. पाणी अजिबात हलत नव्हतं. ते तरी पाहतच होते.

मग त्यांनी कोळशाचा तुकडा घेऊन गच्चीच्या कठड्यावर एक लांब रेघ मारली.

"वाकडी आहे न?"

"नाही काका. एकदम सरळ आहे."

"चांगली पोरगी आहेस तू," ते म्हणाले. "खोटं बोलतेस."

त्या क्षणी मी बोललेच. म्हणजे सुरुवात केली. "काका, तो रंग... तुमच्यामुळे नाही... मी..."

"माहीत आहे मले," ते म्हणाले. माझ्या हातातला पेपर खाली पडला. "तुले वाईट वाटून राहिलं. मन हळवं आहे तुझं. पण वय झालं की होते असं. हात तं गेलाच, दोनाचे तीन कधी झाले तेही आठवत नाही. डोकंही चाललं." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला!

कबुली देता देता मी आशीर्वाद घेऊन खाली आले.

तोंडानं जमत नाही म्हटल्यावर मी लिहायचं ठरवलं. आमच्या घराचा एक मोबाइलवरचा ग्रुप आहे, त्यात अठ्ठेचाळीस माणसं आहेत. मी खोलीचं दार लावून अकरा ओळींचा कबुलीजबाब लिहिला. इंग्रजीत. इंग्रजीत लिहिलं की मला स्वतःपासून चार पावलं लांब उभं राहता येतं. त्यात ठसा होता, स्वेटरवाला होता, कूलर होता, मनापासून मागितलेली माफी होती आणि शेवटी, थोडं बरं दिसावं म्हणून, लाल रंगाचं एक हृदय होतं.

दहा मिनिटं गेली. मग अमरावतीच्या आत्यानं लिहिलं, "वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा बेटा!"

माझा वाढदिवस डिसेंबरात असतो. पण अकरा ओळींचं इंग्रजी, त्यात माझं नाव, शेवटी हृदय. आत्यानं अंदाज बांधला. आत्याच्या मागे मामा, मामाच्या मागे मावशी, मग जो तो! संध्याकाळपर्यंत एकतीस शुभेच्छा जमल्या. काकांनी तर हार घातलेला माझा फोटो टाकला. बाबांनीसुद्धा, ज्यांनी माझा जन्मदाखला स्वतः काढला आहे, त्यांनीही अंगठ्याचं चित्र टाकलं. आणि रात्रीच्या जेवणाला काकू केक घेऊन खाली आली.

"काकू, आज माझा वाढदिवस नाहीये."

"आता आणला तं कापून घे न वं. गरमीनं वितळून राहिला."

मी कापला. कबुलीजबाबाबद्दल केक मिळालेली मी बहुधा पहिलीच गुन्हेगार असेन. मेश्रामकाका त्या ग्रुपमध्ये नाहीतच, हे मला तोंडात केक असताना आठवलं.

शुक्रवारी पहिला हात, शनिवारी पहाटे दुसरा. दोन्ही त्यांनी दिले आणि दोन्ही कागदासारखे पातळ. मी श्वास रोखून उभी होते. मशिन धरलेला तो हात डावीकडून उजवीकडे असा गेला की पाणीसुद्धा इतकं सरळ वाहत नाही. त्यांना मात्र ते दिसत नव्हतं. काम संपल्यावर त्यांनी आपली ब्रशांची पेटी माझ्या पुढ्यात ठेवली. पत्र्याची, कोपरे दबलेली.

"ठेव तुझ्याजवळ. मले आता काय करायची?"

मी ती पेटी घेतली. नको म्हणायलाही तोंड उघडावं लागतं ना! रात्री ती माझ्या टेबलावर होती आणि मला झोप नव्हती.

रविवारी लॉनवर काश्मीर अवतरलं. थर्माकोलचे डोंगर झकास दिसत होते. कापसाच्या बर्फाची थोडी पंचाईत झाली, कारण चारी बाजूंनी मोठे कूलर लावले होते आणि बर्फ उडून पाहुण्यांच्या घामाला चिकटत होता. जावईबापूंकडचे लोक पांढऱ्या दाढ्या घेऊन हिंडत होते. पण मग ढोल वाजले, पडदा सरकला, आणि ती गाडी आली! चार जण मागून ढकलत होते, वर पल्लवीताई आणि जावईबापू बसले होते, आणि समोर ते बोनेट दिव्यांत असं चमकत होतं की लोकांनी आधी त्यालाच टाळ्या दिल्या. ताई रडत होती आणि हसत होती. काकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि उपरण्यानं डोळे पुसले. मला वाटलं, चला, झालं. सगळं छान झालं.

तेवढ्यात काकांनी माइक घेतला.

"मंडळी, हे बोनेट ज्यानं रंगवलं, ते आपले मेश्रामभाऊ. तीस वर्षं आपल्या मंडपाचे बोर्ड लिहिले त्यायनं. आज ते निवृत्त होऊन राहिले. तं आपण त्यायचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करून राहिलो!"

मेश्रामकाका इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात स्टेजवर उभे होते. त्या शर्टावर एकही ठिपका नव्हता. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. आमच्याकडे एकदा अंगावर शाल पडली की माणूस संपला. मग त्याला कोणी काम सांगत नाही, फक्त खुर्ची देतात. काकांनी शाल उलगडली. मेश्रामकाकांनी मान खाली घातली.

त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही, कारण माझ्या पायांनी मला विचारलं नाही. मी खुर्च्यांच्या मधून गेले, एका आजोबांच्या ताटाला धक्का दिला, स्टेजच्या पायऱ्या चढले आणि काकांच्या हातातून माइक ओढून घेतला. शाल तोवर मेश्रामकाकांच्या खांद्यावर पडली होती.

आधी नुसता श्वास ऐकू आला. लॉनभर. सोळा वर्षांपूर्वीचाच! पहिल्या रांगेत आत्यानं कपाळाला हात लावला.

"काका, थांबा न!" मी ओरडले. माझाच आवाज चार स्पीकरांतून माझ्या अंगावर आला. "त्यांचा हात नाही हलत! रंग मी खराब केला! मी बोट लावलं, मग वरून जाडच्या जाड हात मारला, अन् मग त्याच्यावर कूलर लावला!"

ढोलवाले थांबले. आईसक्रीमवाला थांबला.

"कूलर?" काका म्हणाले. "पाणी भरलेला?"

"काठोकाठ."

काका खाली बसले. तिथेच, स्टेजवर, थर्माकोलच्या डोंगराला टेकून.

मेश्रामकाका माझ्याकडे आले. "म्हणजे तिसरा हात माझा नव्हता?"

"नव्हता काका. तुम्ही दोनच मारले होते. पातळ."

त्यांनी उजवा हात दिव्यासमोर धरला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग दोन्ही खांद्यांवरची शाल काढली, घडीवर घडी घालून नीट केली आणि काकांच्या मांडीवर ठेवली.

"ठेवून द्या भाऊ. अजून मले थंडी वाजत नाही. अन् सोमवारी दोन बोर्ड लिहायचे आहेत, त्यायले नाही म्हणालो होतो, आता हो म्हणतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी शिट्टीसुद्धा मारली. ते माझ्याकडे वळले. मी त्यांच्या रागावण्याची वाट पाहत होते.

"पेटी ठेव तुझ्याजवळ," ते हळूच म्हणाले. "ब्रश मी दुसरे घेईन. हात चांगला आहे तुझा. फक्त वाळू देत जा."

काका डोंगराला टेकल्या टेकल्या शेजारच्या व्याह्यांना कूलरचं सांगू लागलेही होते, हातवारे करून, पाण्याच्या आवाजासकट. किस्सा माझ्या डोळ्यांदेखत जन्माला येत होता, आणि नवल म्हणजे मला काही वाटत नव्हतं. मी फक्त मेश्रामकाकांकडे पाहत होते. ते आपल्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर सारत होते.

"नेहा, अजून बोल वं!" पल्लवीताई गाडीवरून ओरडली. "माइक तुझ्याकडंच आहे!"

खरंच होता. समोर चारशे माणसं कापसाच्या दाढ्या लावून वाट पाहत होती. मला खूप बोलायचं होतं. मेश्रामकाकांचे आभार मानायचे होते, गच्चीवरच्या सकाळींबद्दल सांगायचं होतं, या घरात मला आजवर कोणी ओरडलं नाही हे आता कळतंय असं म्हणायचं होतं. मनात एक सुरेख वाक्य तयारही झालं होतं. पण माइकसमोर माझं डोकं नेहमीसारखं कोरं झालं, आणि जन्मभर लग्नांत माइकवरून जे ऐकत आले तेवढंच त्यात उरलं. मी तो माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि मोठ्यानं म्हणाले,

"जेवल्याशिवाय कोणी जाऊ नका!"